विश्लेषण : स्पोर्ट्स बाइकच्या ऑइल कूलरची नळी गळतेय? घरी बदलता येते, पण कुठे थांबायचं?

सकाळी गाडी बाहेर काढताना फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसतो. आपण तो फडक्याने पुसतो, किक किंवा बटण मारतो आणि निघतो. देवणीतल्या माझ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या अण्णाने, असा डाग दोन महिने पुसला. विचारलं तर म्हणायचा, "गळायलंय जरासं, वरून टाकतो की." रोज देवणी ते उदगीर आणि परत. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी परतताना वळणावर मागचं चाक सरकलं आणि गाडीसकट तो रस्त्याच्या कडेला गेला. गुडघा फुटला, हाताची साल निघाली, एवढ्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी गाडी पाहिली तेव्हा मागच्या टायरच्या एका बाजूला ऑइलचा पातळ थर होता. ते येत होतं इंजिनच्या पुढे बसवलेल्या ऑइल कूलरच्या नळीतून.

ही नळी म्हणजे बोटाएवढ्या जाडीचा, हातभर लांबीचा रबरी पाइप. बदलायला फार अवघड नाही. पण ती बदलताना मी स्वतः एक चूक केली आणि छोटं काम मोठं करून ठेवलं. ती चूक पुढे येईलच. आधी ही नळी नेमकी काय काम करते आणि का गळते, ते पाहू.

ऑइल कूलर म्हणजे काय? तो कोणत्या गाडीत असतो?

इंजिन ऑइलची दोन कामं असतात. एक वंगणाचं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं उष्णता वाहून नेण्याचं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीत इंजिनच्या पंख्यांसारख्या पट्ट्यांवरून वारा गेला की भागतं. ताकद वाढली की तेवढं पुरत नाही. मग ऑइल पंप गरम ऑइलचा काही भाग एका नळीतून पुढच्या छोट्या जाळीदार डब्यात ढकलतो. तिथे वाऱ्याने ते निवतं आणि दुसऱ्या नळीतून इंजिनात परत येतं. हा डबा म्हणजे ऑइल कूलर. दिसायला रेडिएटरचं धाकटं भावंडच, पण त्यात पाणी नसतं, ऑइल असतं.

आपल्या भागात स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. लातूर-उदगीरच्या पोरांची स्पोर्ट्स गाडी म्हणजे दुचाकीच. मराठवाड्याचं या विषयाशी नातंही जुनं आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून सुरू आहे आणि २००१ मध्ये आलेल्या पल्सरने गावोगावच्या तरुणांची 'गाडी' या शब्दाची व्याख्याच बदलली. २००७ मध्ये आलेल्या २२० सीसीच्या पल्सरला ऑइल कूलर होता आणि २०२१ च्या ऑक्टोबरमधल्या २५० सीसीच्या पल्सरही ऑइल कूल्डच आहेत. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन, ६५० सीसीच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी, सुझुकीची २५० सीसीची जिक्सर या गाड्यांमध्येही ऑइल कूलर आहे. यांतल्या बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

नळी का गळते?

सरळ उत्तर द्यायचं तर उष्णतेमुळे. दाबामुळे नळी फुटते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दुचाकीच्या इंजिनातला ऑइलचा दाब फार नसतो, चांगल्या नळीला तो सहज झेपतो. तिला मारतं ते तापमान.

या नळीत साधारण तीन थर असतात. आत ऑइलला दाद न देणारं कृत्रिम रबर, मध्ये धाग्याची किंवा तारेची वीण आणि बाहेर ऊन-धूळ झेलणारं आवरण. आतल्या थरासाठी बहुतेक वेळा नायट्राइल रबर वापरतात. ते ऑइलमध्ये टिकतं, पण शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं राहिलं की कडक होत जातं. रबराच्या वयाबद्दल अभियांत्रिकीत एक ढोबळ नियम शिकवतात : तापमान दहा अंशांनी वाढलं की म्हातारपण येण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. नियम ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

आता यात आपला भाग घाला. मे महिन्यात लातूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. कूलर वाऱ्यावर चालतो, म्हणजे गाडी पळत असेल तरच त्याचा उपयोग. आणि गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जाताना वारा येणार कुठून? त्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पुढच्या चाकावरून उडून कूलरच्या जाळीत बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो. अण्णाच्या गाडीचा कूलर मी पाहिला तेव्हा खालची निम्मी जाळी बुजलेली होती. जाळी बुजली की ऑइल जास्त तापतं, आणि ऑइल तापलं की नळी लवकर जाते. म्हणजे नळी बदलून जाळी तशीच ठेवली तर नव्या नळीचंही तेच होणार.

नळी तीन ठिकाणी गळते. पहिली जागा म्हणजे जिथे रबर धातूच्या तोंडात दाबून बसवलेलं असतं, ते बूच. रबर आकसलं की या सांध्यातून ऑइल पाझरायला लागतं आणि बूच ओलसर, धुळीने माखलेलं दिसतं. दुसरी जागा म्हणजे नळी जिथे चॅसी, हॉर्न किंवा केबलला घासते ती. तिसरी जागा नळीची नसतेच. नळी इंजिनला किंवा कूलरला जिथे जोडली जाते, तिथला तांब्या-अॅल्युमिनियमचा वायसर किंवा रबरी ओ-रिंग गेलेली असते. ही तिसरी गळती सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होते आणि नेमकी तिलाच 'नळी गेली' म्हणून खपवलं जातं.

हा प्रश्न फक्त आपल्या जुन्या बाइकचा आहे असं नाही. टोयोटाच्या साडेतीन लिटरच्या व्ही-६ इंजिनात ऑइल वाहून नेणाऱ्या एका पाइपचा मधला तुकडा रबरी होता. तो फाटून इंजिनातलं ऑइल वाहून जाण्याच्या तक्रारी अमेरिकेत आल्या. तेव्हा कंपनीने मोहीम काढून ते पाइप बदलून दिले आणि पुढे तो तुकडाही धातूचाच केला.

गळती नळीचीच आहे, हे कसं ओळखायचं?

इथे घाई करू नका. ऑइल जिथे दिसतं तिथूनच गळत असेल असं नाही. थांबलेल्या गाडीत ते खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे फेकतो. त्यामुळे इंजिनचा मागचा भाग भिजलेला असतो आणि दोष पुढे-वर कुठेतरी असतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच : सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा.

त्यासाठी आधी सगळं स्वच्छ करावं लागतं. गाडी पूर्ण थंड असताना डिग्रीझरने किंवा चिंधीला थोडं डिझेल लावून कूलर, दोन्ही नळ्या आणि इंजिनचा पुढचा भाग पुसून कोरडा करा. डिझेलचा ओलावा पूर्ण उडेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. मग संशयित जागांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून आणा आणि बॅटरी मारून बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळी वाट स्पष्ट उमटते. याला एक रुपयाचंही यंत्र लागत नाही आणि वर्कशॉपमध्येही हीच युक्ती वापरतात.

वाट नळीच्या बुचातून निघत असेल तर नळी बदलायची. बोल्टच्या डोक्याखालून निघत असेल तर आधी फक्त वायसर बदलून पाहायचे. वाट कूलरच्या जाळीतून निघत असेल तर कूलरच गेला आहे आणि हे प्रकरण वेगळं. सिलिंडरच्या सांध्यातून म्हणजे पॅकिंगमधून येत असेल, तर घरी काही करू नका.

थोडंसंच गळतंय, चालवली तर काय बिघडतं?

दुचाकीच्या इंजिनात ऑइल असतं लिटर-दीड लिटरच्या घरात, मोठ्या बाइकमध्ये त्याहून थोडं जास्त. कारसारखी चार लिटरची शिल्लक इथे नसते. पाझरणारी नळी कधी पूर्ण फाटेल हे सांगता येत नाही आणि ती फाटते ती इंजिन तापलेलं, वेग वाढलेला असतानाच. पंप मग तेच ऑइल रस्त्यावर फेकत राहतो. ऑइलशिवाय धावणारं इंजिन थोड्याच वेळात जाम होतं. पिस्टन, बोअर, क्रँक असा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊन बसतो.

पण इंजिनपेक्षा मला टायरची भीती जास्त वाटते. नळी इंजिनच्या पुढे आहे आणि मागचं चाक तिच्या थेट मागे. गाडी सरळ जात असताना काही कळत नाही. वळणावर गाडी कलते, टायरची कड रस्त्याला लागते आणि ऑइल नेमकं त्या कडेवर असतं. अण्णाचं तेच झालं. त्या दिवशी वहिनी आणि धाकटी पोरगी मागे बसलेल्या नव्हत्या, एवढंच नशीब.

तिसरा धोका सायलेन्सरच्या वाकलेल्या पाइपचा. तो इंजिनच्या पुढूनच खाली जातो आणि नळी त्याच्या जवळ असते. इंजिन ऑइल पेट्रोलसारखं पटकन पेट घेत नाही. पण जोरात चालवलेल्या गाडीचा हा पाइप कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. त्यावर ऑइल पडलं की आधी धूर येतो आणि प्रमाण जास्त असेल तर आगही लागू शकते. चालत्या गाडीत पायाजवळून जळक्या ऑइलचा वास आला तर घर जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नका.

आणि वरून एम-सील लावून भागेल का? नाही. ती लांबी वाळून दगड होते आणि नळी तर सतत हलत असते. शिवाय तेलकट रबराला ती धरतच नाही.

कोणती नळी घ्यायची?

पहिली पसंती कंपनीच्या नळीला. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून, शक्य असेल तर जुनी नळी हातात घेऊन जा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक नळीचं तोंड बदललेलं असू शकतं. दोन्ही नळ्या एकदमच बदला. दोघींचं वय सारखंच असतं. एक गेली की दुसरी रांगेत असते. सोबत नवे वायसर किंवा ओ-रिंगा न विसरता घ्या.

देवणीसारख्या ठिकाणी हा भाग लगेच मिळत नाही. मग दोन पर्याय सुचवले जातात आणि दोन्ही नीट समजून घ्यायला हवेत.

पहिला पर्याय म्हणजे दुकानात जी बसेल ती रबरी नळी कापून, क्लॅम्प लावून बसवायची. हा सगळ्यात वाईट उपाय. रेडिएटरच्या पाण्याच्या नळ्या बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात. पाण्याला आणि वाफेला हे रबर उत्तम, पण ऑइल लागलं की फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. बाहेरून दोन्ही नळ्या काळ्याच दिसतात, हीच फसगत. पेट्रोलची साधी नळीसुद्धा इतक्या गरम ऑइलसाठी बनवलेली नसते.

दुसरा पर्याय बरा वाटतो. उदगीर-लातूरला ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या हायड्रॉलिक नळ्या करून देणारी दुकानं असतात. हवी तेवढी लांबी कापतात आणि दोन्ही टोकांना मशिनवर दाबून तोंडं बसवतात. काम मजबूत असतं. दुकानदार सांगतो, ही नळी जेसीबीचा दाब सोसते, तुमच्या बाइकचं काय घेऊन बसलात. दाबाबद्दल तो शंभर टक्के खरं बोलत असतो. पण वर म्हटलं तसं प्रश्न दाबाचा नाहीच. सर्वसाधारण हायड्रॉलिक नळीची तापमानाची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस असते, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनातलं ऑइल उन्हाळ्यात ती ओलांडू शकतं. त्यामुळे अशी नळी करून घ्यायचीच असेल तर दुकानदाराला दाब विचारू नका, तापमान विचारा. नळीवर छापलेला प्रकार वाचा. १२५ ते १५० अंशांपर्यंतची जास्त तापमानाची नळी मिळत असेल तर तीच घ्या. अजून एक अडचण आहे. तारेच्या विणीची ही नळी कडक असते आणि लहान वळण घेत नाही. बळजबरीने वाकवली तर सगळा ताण कूलरच्या नाजूक तोंडावर येतो.

माझं मत विचाराल तर कंपनीची नळी यायला आठ दिवस लागत असतील तर आठ दिवस एसटीने जावं. अण्णा गेला. कुरकुरत, पण गेला.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकत्र करा, म्हणजे नवं ऑइल वाया जात नाही. सामान फार लागत नाही : योग्य मापाचे रिंग पाने आणि गोटी पाने, ऑइल धरायला पसरट भांडं, चिंध्या, नवी नळी, नवे वायसर, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी. काहीही सोडण्याआधी दोन्ही नळ्या कुठून कुठे जातात, कोणत्या क्लिपमधून जातात आणि तोंडं कोणत्या कोनात आहेत याचे चार बाजूंनी फोटो काढा. परत बसवताना तेच उपयोगी पडतात.

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर उभी करा. इंजिन किमान दोन तास बंद असावं. ऑइल काढायला ते किंचित कोमट असलेलं बरं असतं हे खरं. पण नळीजवळ हात घालायचा असल्याने सायलेन्सर पूर्ण थंड झालेला हवा. खालचा ड्रेन बोल्ट काढून ऑइल भांड्यात घ्या. तरीही नळी सोडताना कूलरमधलं थोडं ऑइल येईलच, म्हणून तिच्याखाली दुसरं भांडं आणि पुढच्या चाकावर जुनं पोतं टाका. ब्रेकच्या डिस्कवर एक थेंबही पडता कामा नये.

आता सगळ्यात नाजूक टप्पा. कूलर अॅल्युमिनियमचा असतो आणि त्याचं तोंड पातळ. नळीचा नट एका पान्याने जोर लावून फिरवला तर नटाऐवजी तोंडच पिळवटतं आणि चांगला कूलर भंगारात जातो. म्हणून जिथे तोंडावर पाना बसायला जागा आहे तिथे दोन पाने लावायचे : एकाने तोंड घट्ट धरायचं, दुसऱ्याने नट सोडायचा. दोन्ही पाने एकाच मुठीत येतील असे धरले की ताकद आपसात भागते आणि कूलरवर ताण येत नाही. नट जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. तरीही हलला नाही तर जुनी नळी सरळ कापून टाका, म्हणजे नटावर गोटी पाना सरळ बसवता येतो. नळी तशीही फेकायचीच आहे, कूलर वाचला पाहिजे.

आता माझी चूक. गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या गाडीच्या नळीच्या बोल्टखालून ऑइल पाझरत होतं. हातात मेकॅनिकलची पदवी, घरी पान्यांचा संच, सुटीचा दिवस. मी जुनाच वायसर ठेवला आणि बोल्ट आवळला. पाझर थांबला नाही. पान्याला पाइप लावून अजून थोडा आवळला. एक क्षण पाना जड लागला आणि पुढच्याच क्षणी हलका झाला. हे हलकेपण ज्याने अनुभवलंय त्याच्या पोटात तेव्हा खड्डा पडतो. इंजिनच्या अॅल्युमिनियममधले आटे गेले होते. गाडी टेम्पोत घालून उदगीरला नेली. तिथल्या लेथवाल्या मामांनी भोक मोठं करून, नवे आटे पाडून आत स्टीलची गुंडाळी बसवली आणि गाडी वाचवली. मला एकच प्रश्न विचारला, "वायसर कशाला असतंय, सांगितलं नव्हतं का कॉलेजात?"

सांगितलं होतं. अशा जोडात ऑइल अडवण्याचं काम आटे करत नाहीत, वायसर करतो. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा मऊ वायसर दाबला की चपटा होऊन दोन्ही पृष्ठभागांतल्या बारीक खाचा भरतो. एकदा चपटा झाला की तो कडक होतो आणि दुसऱ्यांदा तसा बसत नाही. जुने मिस्त्री तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून, पाण्यात टाकून पुन्हा मऊ करतात. ते शास्त्राला धरूनच आहे, पण नवा वायसर इतका स्वस्त असतो की तो खटाटोप अडचणीच्या वेळीच करावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. नळाला ती चालते. इथे तिचा तुकडा सुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकला तर नळीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

किती आवळायचं, याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि टॉर्क रेंच असेल तर तोच पाळा. नसेल तर निदान अंदाज ठेवा. समजा आकडा २० न्यूटन-मीटर आहे आणि तुमचा पाना २० सेंटिमीटरचा. मग पान्याच्या टोकावर साधारण दहा किलोचा जोर पुरतो, म्हणजे एका हाताने, खांदा न लावता. पान्याला पाइप लावून तो ४० सेंटिमीटरचा केला तर त्याच हाताचा जोर दुप्पट होतो. माझं जे झालं ते याच हिशोबाने झालं.

नवी नळी लावताना सगळे बोल्ट आधी फक्त बोटांनी तीन-चार फेरे बसवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, काढून पुन्हा लावा. ओ-रिंग असेल तर तिला नव्या ऑइलचं बोट लावा, कोरडी बसवली तर चिरते. फोटो पाहून नळीचा कोन जुळवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचा शॉक दाबून बघा. नळी कशालाही घासता कामा नये आणि सायलेन्सरच्या पाइपपासून जितकी लांब राहील तितकी बरी. सगळं जुळलं की मगच शेवटचं आवळा. हात आहे तोवर कूलरची जाळी मऊ ब्रश आणि कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर जाळीच्या पट्ट्या वाकतात.

ड्रेन बोल्ट लावून ऑइल भरा आणि गाडी सुरू करा, पण रेस करू नका. नवी नळी आणि कूलर रिकामे असतात, ते भरेपर्यंत एक-दोन मिनिटं गाडी जागेवर चालू द्या. ऑइलचा लाल दिवा असेल तर तो विझला पाहिजे. नसेल विझला तर तत्काळ बंद करा. मग इंजिन थांबवून काही मिनिटांनी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पातळी तपासा. कूलरने थोडं ऑइल ओढून घेतलेलं असतं, तेवढं वरून घाला. ही पायरी विसरणारे बरेच असतात. टायर आणि ब्रेक साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा, एक छोटी फेरी मारा आणि पुन्हा बॅटरी लावून बघा. वीस-तीस किलोमीटरनंतर आणखी एकदा. ओलं दिसलं तर आवळत सुटू नका. जोड सोडा, वायसर बघा, पुन्हा बसवा.

खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये काय वेगळं असतं?

तत्त्व तेच, पसारा मोठा. हवेवर थंड होणारी जुनी पोर्शे ९११ घ्या. ती १९९८ पर्यंत बनत होती. इंजिन मागे आणि ऑइल कूलर पुढच्या चाकाच्या कमानीत, त्यामुळे ऑइलचे पाइप गाडीच्या जवळपास पूर्ण लांबीतून जातात. माझ्दाच्या आरएक्स-७ मध्ये रोटरी इंजिन असतं आणि त्याचे फिरते रोटर आतून ऑइलनेच थंड केले जातात. तिथे कूलरची नळी गेली तर दुखणं लगेच इंजिनच्या गाभ्यात पोचतं. या गाड्यांचे शौकीन घरी नळ्या बदलतात तेव्हा त्यांनाही मुख्य त्रास होतो तो जाम झालेल्या नटांचा, आणि तेही नळी कापून महागडा कूलर वाचवतात.

एक फरक मात्र जिवाशी खेळणारा आहे. कारच्या खाली जावं लागतं. फक्त जॅकवर उचललेल्या कारखाली कधीही जाऊ नका. खाली पक्के स्टँड हवेत, चाकांना दगड हवेत आणि जमीन कडक हवी. अंगणातल्या काळ्या मातीत जॅक रुततो. कारचं काम असेल आणि ही सोय नसेल, तर घरी करूच नका.

वॉरंटीतल्या गाडीचं काय?

वॉरंटी चालू असेल तर पाना हातात घेऊ नका, गळतीचे तारखेसह फोटो काढून सर्व्हिस सेंटरला लेखी नोंद करायला लावा. जॉब कार्डवर 'ऑइल गळती' हे शब्द आले पाहिजेत. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत सुरक्षेला धोका देणारा दोष असेल तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने सरकारला गाड्या परत मागवण्याचा आदेश कंपनीला देता येतो. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागतात. बारा वर्षांच्या गाडीची म्हातारी नळी त्यात बसत नाही.

काढलेलं ऑइल कुठे टाकायचं?

गटारात नाही, बांधावर नाही, विहिरीजवळ तर नाहीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात तरी हे वेगळं सांगायला नको. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारीही टाकली आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. गावात मात्र जळकं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना नाहीतर वाळवी लागलेल्या लाकडाला फासलं जातं, आणि उरलेलं कुठे जातं ते कुणी विचारत नाही.

झाकण असलेल्या कॅनमध्ये भरून, त्यात पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, ते मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. त्यांच्याकडून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवं. घेतात का, हे आधी फोन करून विचारा, सगळेच बाहेरचं ऑइल घेत नाहीत. आम्ही तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने पुढच्या सर्व्हिसिंगला येताना घेऊन या असं सांगितलं. तोवर अण्णाच्या गाडीतलं काळं ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये, वर 'हात लावू नये' असं लिहून, गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं आहे. खाली देवणी गाय बांधलेली असते म्हणून काकूंचा त्याला विरोध आहे, आणि कॅन रविवारपर्यंत हलला नाही तर त्या स्वतः हलवणार आहेत.